खोक्यातला टायगर आणि नगरचा सेंच्युरियन

जामखेड : दिवाळीच्या सुट्टीत जामखेडच्या कोणत्याही गल्लीतून फेरफटका मारला, तर ओट्याच्या कडेला, अंगणाच्या कोपऱ्यात मातीचे किल्ले उभे राहिलेले दिसतात. दगड-विटांच्या ढिगाऱ्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा गिलावा, उतारावर पेरलेल्या मोहरीची कोवळी हिरवळ आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवराय. पायथ्याशी मावळे, भाजीवाली, विहीर, गुहेतला वाघ. या किल्ल्यातील पहारेकरी महादरवाजापेक्षा उंच असतो आणि वाघ सशाएवढा असतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. मुलांच्या किल्ल्यात मापाला नव्हे, मानाला महत्त्व असते. महाराजांची मूर्ती सर्वांत मोठी, हे त्या जगाच्या नियमाला धरूनच आहे.

यांपैकी एखाद्या मुलाला मात्र एके दिवशी प्रश्न पडतो, की हा मावळा या दरवाजातून आत कसा जाणार? ज्याला हा प्रश्न पडला आणि पुढे सतावत राहिला, तो लष्करी प्रतिकृतींच्या छंदाच्या उंबरठ्यावर उभा असतो. रणगाडे, तोफा, विमाने आणि सैनिक यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जमविणे व बनविणे हा जगभर पसरलेला छंद आहे. महाराष्ट्रातही मुंबई-पुण्याबरोबर लहान गावांतून त्याचे चाहते आढळतात. नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) चाहत्यांचे भाग्य असे, की ज्याची प्रतिकृती करायची ती मूळ वस्तू त्यांच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच उभी आहे. त्या भाग्याचा पुरेसा उपयोग होत नाही, ही वेगळी गोष्ट.

बॅटरीने ठरविलेले माप

प्रतिकृती आणि खेळणे यांतील फरक एका आकड्यात सामावलेला आहे. १:३५ म्हणजे मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या हिश्श्याची. या मापात मध्यम उंचीचा सैनिक जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. विमानांसाठी १:७२ हे माप रूढ आहे. त्यामागे इंग्रजी फूटपट्टीचा सोपा हिशेब आहे. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा करायचा, की प्रमाण आपोआप १:७२ येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ पासून शाळकरी मुलांकडून याच मापाची लाकडी विमाने करवून घेतली होती. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे केवळ आकृतीवरून ओळखण्याचे शिक्षण त्यावर दिले जात असे. हा उद्योग एके काळी युद्धकार्याचा भाग होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगण्यासारखे आहे.

१:३५ या मापाचा जन्म मात्र कोणत्याही शास्त्रातून झालेला नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१ च्या अखेरीस जर्मन 'पँथर' रणगाड्याचे मोटारीवर चालणारे प्लॅस्टिक किट बाजारात आणले. त्याच्या पोटात दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, एवढीच अट होती. बॅटऱ्यांच्या आकारावरून रणगाड्याचा आकार ठरला आणि नंतर हिशेब केला तेव्हा प्रमाण पस्तिसास एकच्या आसपास निघाले. पुढे त्याच मापाचे रणगाडे येत गेले, इतर कंपन्यांनी तेच उचलले आणि दोन बॅटऱ्यांनी ठरविलेले माप जगमान्य झाले.

किट म्हणजे पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटून आलेले शेकडो सुटे भाग. ते कापून, घासून, जोडून उभे करायचे. यात वापरले जाणारे चिकटद्रव्य नेहमीच्या डिंकासारखे काम करीत नाही. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळविते आणि दोन भाग एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणून चुकीला क्षमा नसते. रंगकाम, पाण्यात भिजवून लावायची चिन्हे आणि शेवटी चिखल, गंज, तेलाचे ओघळ यांचा आभास हे पुढचे टप्पे. नवाकोरा रणगाडा हा या मंडळींच्या लेखी अपुरा रणगाडा होय.

दुकानात टायगर, शेतात शर्मन

खोक्यांच्या दुनियेत एक विसंगती आहे. महायुद्धात जर्मनीने 'टायगर' रणगाडे बनविले सुमारे १३५०. अमेरिकेचे 'शर्मन' निघाले जवळजवळ पन्नास हजार. छंदाच्या दुकानातील मांडणी पाहिली तर मात्र युद्ध टायगरनेच लढले असावे असे वाटते. भीतिदायक आकार, चौकोनी बांधणी आणि त्याभोवती जमलेल्या दंतकथा यांमुळे तो खपतो. जे खपते त्याचेच नवे साचे निघतात. पोलादी साचा तयार करण्याचा खर्च मोठा असतो आणि तो जगभरच्या विक्रीतून भरून काढावा लागतो. परिणामी जामखेडचा तरुण पहिले किट मागवितो तेव्हा त्याच्या हाती बहुधा टायगरच पडतो. त्याच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेल्या युद्धातले रणगाडे कोणते होते, हे त्याला ठाऊकही नसते.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ आसल उत्तर येथे झालेल्या लढाईत पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत अडकले आणि टिपले गेले. तेथे भारताच्या बाजूने तीन वेगवेगळ्या जातींचे रणगाडे लढले. डेक्कन हॉर्सकडे शर्मन होते, ३ कॅव्हलरीकडे ब्रिटिश सेंच्युरियन आणि ८ लाइट कॅव्हलरीकडे फ्रेंच बनावटीचे हलके एएमएक्स-१३. परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांनी तर जीपवर बसविलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पॅटन टिपले. या साऱ्या वाहनांची किट परदेशी कंपन्यांनी काढलेली आहेत. ती भारतीय म्हणून खोक्यावर क्वचितच येतात, एवढेच. म्हणजे साहित्य आहे, ओळख नाही. परदेशी खोक्यातून भारतीय रणगाडा घडविणे हाच येथल्या छांदिष्टांपुढचा खरा उद्योग ठरतो आणि तेथे पाहणी लागते. छायाचित्र पुरत नाही. छायाचित्रात रणगाड्याची नेमकी तीच बाजू नसते जी हवी असते.

पाऊणशे किलोमीटरवरचे पाठ्यपुस्तक

तामिया कंपनीची धुरा ज्यांनी पुढे दीर्घकाळ वाहिली ते शुनसाकु तामिया (निधन २०२५) यांनाही हीच अडचण आली होती. रणगाड्याची मापे मिळेनात, तेव्हा १९६६ साली त्यांनी थेट अमेरिकेतील अॅबरडीन येथील लष्करी संग्रहालय गाठले आणि तेथील रणगाड्यांची शक्य तितकी छायाचित्रे टिपून आणली. पुढच्या कित्येक किटांचा पाया त्या भेटीने घातला. जपानी उद्योजकाला त्यासाठी महासागर ओलांडावा लागला. जामखेडकराला आष्टीमार्गे नगरची एसटी पकडावी लागते. अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर.

नगर आणि चिलखती दल यांचे नाते जुने आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये चिलखती दलाच्या प्रशिक्षण संस्था येथे एकत्र आणून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलची स्थापना झाली. यांत्रिकी पायदळाचे केंद्र येथेच आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी 'व्हीआरडीई' ही संस्थाही येथलीच. आर्मर्ड कोअर सेंटरनेच १९९४ मध्ये फराहबागेजवळ कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू केले. चांदबिबीच्या शहरात निजामशाही काळातील महालाच्या शेजारी पन्नासच्या आसपास चिलखती वाहने उघड्या मैदानात ओळीने उभी आहेत.

सर्वांत जुना मान रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेल्या चिलखती मोटारीचा. पहिल्या महायुद्धाच्या काळातली ही रचना म्हणजे श्रीमंतांच्या मोटारीला चढविलेले चिलखत. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे, ब्रह्मदेशच्या आघाडीची आठवण देणारे जपानी रणगाडे, अमेरिकन पॅटन, फ्रेंच एएमएक्स-१३, ब्रिटिश सेंच्युरियन आणि आवडीच्या कारखान्यात तयार झालेला विजयंता अशी ही मालिका आहे. जपानी रणगाडा पाहताना नवख्याला आश्चर्य वाटते ते त्याच्या लहानपणाचे. पातळ पत्र्याचे ते वाहन चर्चिलच्या शेजारी खेळण्यासारखे भासते. दोघांची किट एकाच मापाची असतील तर घरच्या कपाटातही हाच फरक दिसायला हवा. मापाचे महत्त्व समजण्यासाठी याहून चांगला धडा नाही.

या रांगेतला सेंच्युरियन छांदिष्टाने सर्वाधिक वेळ देऊन पाहावा असा आहे. सुमारे पन्नास टनांचा हा रणगाडा, रुंदी जवळजवळ ३.४ मीटर, म्हणजे १:३५ प्रमाणात पावणेदहा सेंटिमीटरच्या आसपास. घुमटाच्या पुढचे चिलखत १५२ मिलिमीटर जाडीचे, प्रतिकृतीत ते साडेचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण खरी मेख तोफेत आहे. सेंच्युरियनच्या आधीच्या काही आवृत्त्यांवर '२० पौंडी' म्हणून ओळखली जाणारी ८४ मिमीची तोफ होती, पुढे १०५ मिमीची आली. नळीच्या मध्यावर धूर बाहेर काढणारा जो फुगवटा असतो तो २० पौंडी तोफेवर नळीभोवती सारखा गोल असतो, तर १०५ मिमी तोफेवर किंचित एका अंगाला सरकलेला असतो. २० पौंडी तोफेच्या आधीच्या नळीवर तर तो मुळीच नसतो. खोक्यात यांपैकी कोणती नळी आली आहे आणि ज्या सालातील, ज्या रेजिमेंटचा रणगाडा बनवायचा त्यावर कोणती होती, याची खातरजमा केल्यावाचून पुढे जाणे म्हणजे शिवरायांच्या हाती बंदूक देण्यासारखे आहे.

घुमटाचा पृष्ठभागही हात लावून पाहण्याजोगा असतो. सेंच्युरियनच्या घुमटाचा बराचसा भाग ओतीव पोलादाचा, म्हणून खडबडीत, तर खालचा सांगाडा सपाट पत्रे वेल्डिंगने जोडलेला. किटमधील प्लॅस्टिक मात्र सगळीकडे सारखेच गुळगुळीत. जाणकार मंडळी घुमटावर चिकटद्रव्याचा हात देतात आणि पृष्ठभाग मऊ झाला, की ताठ केसांच्या ब्रशने त्यावर ठोके देऊन ओतीवपणा आणतात. किती ठोके द्यायचे, हे खरा घुमट पाहिलेल्याच्या हाताला कळते.

एका बाबतीत मात्र संग्रहालयावर विसंबून चालत नाही आणि ती म्हणजे रंग. उघड्यावर उन्हापावसात राहणाऱ्या वाहनांना गंजापासून वाचविण्यासाठी वेळोवेळी रंग द्यावा लागतो. त्या थरांखाली वेल्डिंगच्या रेषा, ओतकामावर उठविलेले क्रमांक हळूहळू बुजत जातात आणि छटा तर मूळची राहतच नाही. मापे संग्रहालयातून आणि रंग त्या काळच्या छायाचित्रांतून घ्यावेत, असा अनुभवी छांदिष्टांचा शिरस्ता आहे. ज्या खुणा रंगाखाली जात आहेत त्या आज टिपून ठेवल्या नाहीत, तर आणखी वीस वर्षांनी पाहणाऱ्याला केवळ रणगाड्याची आकृती उरेल.

'फामागुस्ता'

नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरच्या आवारात जतन केलेला एक सेंच्युरियन इतर सर्वांहून निराळा आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड आघाडीवर बसंतर नदीच्या परिसरात पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यातून लढले. त्याचे नाव 'फामागुस्ता'. रणगाडा पेटला असता तो सोडण्याचा आदेश त्यांना मिळाला. आपली तोफ अजून चालते आहे, असे सांगून ते लढत राहिले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे एकवीस वर्षांचे. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. रणगाडा पुढे दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत आला आणि अखेर नगरला विसावला.

ही कथा ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी सेंच्युरियनचे किट हे नुसते किट राहत नाही. खोक्यातील ब्रिटिश चिन्हे बाजूला पडतात. पूना हॉर्सची खूण, वाहनाचा क्रमांक, नावाची अक्षरे स्वतः रेखाटून छापावी लागतात. बाजूचे संरक्षक पत्रे होते की काढलेले होते, पाण्याचे डबे कोठे बांधले होते, याचा शोध घ्यावा लागतो. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, १८१७ साली ज्या पथकाची पुण्यात उभारणी झाली, त्याच्या नावाचा रणगाडा महाराष्ट्रातील कपाटात टायगरच्या शेजारी दिसू नये, याला बाजारपेठ जबाबदार आहे हे खरे. पण पाहणाऱ्यांची उदासीनताही कमी जबाबदार नाही.

शिसे, जस्त आणि भंगार

ज्यांना बनविण्यापेक्षा जमविण्यात रस असतो, त्यांची वाट वेगळी. त्यांचा इतिहास शिशाच्या सैनिकांपासून सुरू होतो. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत आणली. शिसे कमी लागू लागले आणि ५४ मिलिमीटर उंचीचे सैनिक सामान्यांच्या आवाक्यात आले. त्यांच्या संचांत मुंबई इलाख्याचे 'बॉम्बे लान्सर्स' हे घोडदळही होते. आज असे जुने संच मूळ खोक्यासह मिळाले तर संग्राहक मोठी किंमत मोजतात. खोके फाटले की भाव पडतो, त्यामुळे या मंडळींच्या घरी पुठ्ठ्याची काळजी सैनिकांहून अधिक घेतली जाते.

पुढे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव वाहने आली. मेकॅनो कंपनीच्या 'डिंकी टॉइज'नी त्यात नाव कमावले आणि त्यांचे काही जुने साचे कलकत्त्याला येऊन तेथून 'निकी टॉइज' या नावाने मोटारी निघाल्या. या धातूला एक रोग आहे. ओतताना त्यात शिशाचा अंश मिसळला गेला असेल, तर वर्षानुवर्षांनी धातू फुगतो, त्याला तडे जातात आणि एके दिवशी खेळण्याचा भुगा होतो. महायुद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी अशा गेल्या. त्यावर उपाय नाही. घेताना कडा आणि चाकांच्या खोबणी नीट पाहाव्यात, एवढेच हाती उरते.

खर्चाचा मुद्दा नव्या पिढीला अधिक जाचतो. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण मिळावे हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु प्रतिकृतींची किट याच वर्गात मोडतात आणि त्या दर्जाचे साचे देशात फारसे तयार होत नाहीत. त्यामुळे पालकांच्या दृष्टीने 'प्लॅस्टिकचा रणगाडा' असलेल्या वस्तूची किंमत घरातील वादाचा विषय बनते.

या छंदाची एक सीमारेषा नगर जिल्ह्यात विशेष काळजीने सांगावी लागते. जिल्ह्यात खारे कर्जुने गावावरून ओळखले जाणारे के. के. रेंज हे रणगाड्यांच्या गोळीबार सरावाचे क्षेत्र आहे. सरावातील न फुटलेला दारूगोळा भंगार म्हणून उचलण्याच्या वा फोडण्याच्या प्रयत्नात स्फोट होऊन माणसे दगावल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. पितळी कवच, तोफगोळ्याचा तुकडा ही 'खरी वस्तू' म्हणून संग्राहकाला मोहात पाडते. ती विकत घेणाराही त्या साखळीतला एक दुवा ठरतो. परवान्याविना खरे शस्त्र वा दारूगोळा बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहेच. पण कायद्याच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. लष्करी हद्दीतील छायाचित्रणाबाबतही तेथील फलकांवरच्या सूचना पाळणे श्रेयस्कर.

खर्ड्याचे खोके नाही

जामखेड तालुक्याला स्वतःचे रणांगण आहे. तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि हैदराबादचा निजाम यांच्यात लढाई झाली. नाना फडणविसांच्या कारभारात पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा एकत्र लढल्या, अशी ही शेवटची मोठी मोहीम. निजामाकडे फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणी होत्या आणि शिंद्यांकडे दुसऱ्या फ्रेंचाने, पेराँने चालविलेल्या पलटणी व तोफा. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि अखेर तह केला. गणवेशातील कवायती पायदळ, बैलांनी ओढलेल्या तोफा, भालाईत घोडदळ असे सारे काही एकाच मैदानात. युरोपात याच काळातील नेपोलियनच्या सैन्याचे प्रतिकृती-संच डझनांनी मिळतात. खर्ड्याचा संच कोणत्याही मोठ्या कंपनीने काढलेला नाही. या लढाईचा देखावा उभारायचा तर सैनिकाची पगडी, अंगरखा, तोफगाड्याचे चाक सारे स्वतःच घडवावे लागेल.

सुरुवात नगरच्या भट्टीपासून करता येईल. निजामशाहीच्या काळात, १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तिचा वापर झाला आणि आता ती विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन, म्हणजे सेंच्युरियनहून थोडे अधिकच. तोंडाशी जबडा वासलेल्या सिंहाचे शिल्प आणि त्याच्या दातांत हत्ती. लांबी साधारण साडेचार मीटर, व्यास दीड मीटर. मापे उपलब्ध आहेत, माती कुंभाराकडे आहे आणि १:३५ प्रमाणात ही तोफ भरते साधारण पावणेतेरा सेंटिमीटर. तिच्याशेजारी उभा राहणारा गोलंदाज पाच सेंटिमीटरहून उंच असता कामा नये.